बेत मुलांचा, मोहीम मुलांची

१९३० सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील मिनियापोलिस शहराजवळून दोन मुले एका होडीतून निघाली. एरिक सेव्हराइड सतरा वर्षांचा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. वॉल्टर पोर्ट एकोणीस वर्षांचा. होडी जुनी, विकत घेतलेली, लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेली, सुमारे साडेपाच मीटर लांब. जायचे होते कॅनडात, हडसन उपसागराच्या काठी असलेल्या यॉर्क फॅक्टरी या फरच्या व्यापाराच्या जुन्या ठाण्यावर. अंतर २,२५० मैल, म्हणजे ३,६०० किलोमीटरांहून थोडे अधिक. बरोबर मोठे माणूस कोणी नाही. 'मिनियापोलिस स्टार' या दैनिकाने प्रवासवर्णनाच्या लेखांच्या बदल्यात १०० डॉलर देऊ केले होते, तेवढाच काय तो बाहेरचा आधार. सुमारे चौदा आठवड्यांनी, उत्तरेकडची थंडी दाराशी आलेली असताना, ही दोघे यॉर्क फॅक्टरीला पोचली. सेव्हराइड पुढे अमेरिकेतील नामवंत पत्रकार झाले. या प्रवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले.

अशी मोहीम सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर सोपवावी काय, हा प्रश्न पालकसभेत विचारला, तर उत्तर बहुधा एकमुखाने 'नाही' असेच येईल. त्या उत्तरामागची काळजी खोटी नाही. रानावनात मुले दगावल्याच्या घटना खरोखरीच घडलेल्या आहेत, आणि त्यांतील दोन आपण पुढे पाहणार आहोत. पण मुलांनीच आखलेल्या आणि मुलांनीच पार पाडलेल्या मोहिमा जगात अनेक वर्षे पद्धतशीरपणे चालू आहेत, हेही तितकेच खरे. त्या कशाच्या बळावर चालतात, हे समजून घेण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी सुरुवात या दोन मुलांच्या वाटेपासूनच करू.

दोन समुद्रांमधील खिंड

नकाशा उघडला की पहिली अडचण दिसते. मिनियापोलिसजवळचे पाणी मिसिसिपी नदीतून दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताकडे वाहते. हडसन उपसागर उत्तरेला. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी जलविभाजक असणारच. जलविभाजक म्हणजे अशी उंच रेषा, की जिच्या एका बाजूला पडलेला पाऊस एका समुद्राला मिळतो आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या. आपल्याकडे सह्याद्रीचा माथा हे काम करतो. महाबळेश्वरजवळ उगम पावलेली कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिथूनच निघालेली सावित्री अरबी समुद्राला. सह्याद्रीचा माथा होडीतून ओलांडण्याची कल्पनाही करवत नाही. मग या मुलांनी तो कसा ओलांडला?

याचे उत्तर शेवटच्या हिमयुगात आहे. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवरचे प्रचंड हिमावरण वितळत मागे सरकू लागले. वितळलेल्या पाण्याला उत्तरेकडे बर्फाचीच भिंत आडवी होती. त्यामुळे पाणी साचून एक अवाढव्य सरोवर तयार झाले. त्याला आज अगासिझ सरोवर म्हणतात. त्याचा विस्तार सर्वांत अधिक होता तेव्हा ते आजच्या पाचही 'ग्रेट लेक्स'च्या एकत्रित क्षेत्रफळाहून मोठे होते. हे सरोवर दक्षिणेकडील काठावरून ओसंडले आणि त्या लोंढ्याने एक रुंद, खोल दरी कोरून काढली. पुढे बर्फाची भिंत नाहीशी झाली, सरोवर उत्तरेला रिकामे झाले. दरी मात्र तशीच राहिली. आजची मिनेसोटा नदी याच दरीतून वाहते. दरी काही किलोमीटर रुंद आणि नदी तिच्या मानाने अगदी किरकोळ. धाकट्याने थोरल्याचा सदरा घालावा, तशी ती दिसते.

ब्राउन्स व्हॅली या गावापाशी जलविभाजक याच जुन्या दरीच्या तळाला आहे. दक्षिणेचे बिग स्टोन सरोवर आणि उत्तरेचे ट्रॅव्हर्स सरोवर यांच्या पातळीत जेमतेम काही मीटरांचा फरक आहे. मधली जमीन इतकी सखल, की मोठ्या पुरात पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्याची उदाहरणे आहेत. मुलांनी होडी उचलून एवढा टापू पार केला आणि ती दुसऱ्या समुद्राच्या पाणलोटात उतरली.

तिथून पुढची रेड नदी उत्तरेला वाहते, ती अगासिझ सरोवराच्या जुन्या तळावरून. हा प्रदेश टेबलासारखा सपाट आहे. सुमारे ८८५ किलोमीटरांच्या प्रवासात नदी जेमतेम ७० मीटर खाली उतरते. म्हणजे किलोमीटरला ८ सेंटिमीटर. प्रवाह संथ, वळणे अगणित. पुढे विनिपेग सरोवर लागते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली फक्त १२ मीटर. उथळ पाण्यावर वारा सुटला की आखूड आणि उभ्या लाटा फार लवकर उठतात. समुद्रासारख्या लांब, लोळत येणाऱ्या लाटांवर होडी वरखाली होत राहू शकते. या आखूड लाटा मात्र होडीत शिरतात. म्हणून येथे वारा पडेपर्यंत काठावर बसून राहणे हाच शहाणपणा ठरतो.

विनिपेग सरोवर समुद्रसपाटीपासून २१७ मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारी नेल्सन नदी ही उंची सुमारे ६४४ किलोमीटरांत उतरते. किलोमीटरला ३४ सेंटिमीटर हा उतार रेड नदीच्या चौपट झाला. शिवाय येथे खाली कॅनडातील अतिप्राचीन, कठीण खडक आहे. त्यामुळे उतार सर्वत्र सारखा विभागला जात नाही. शांत तळी आणि त्यांच्यामध्ये खळाळते धबधबे अशा पायऱ्या तयार होतात. मुलांनी नेल्सनचा पूर्ण मार्ग न धरता गॉड्स नदी आणि हेज नदी यांचा आडवळणाचा मार्ग पत्करला. पण उतरायची उंची तेवढीच होती आणि खडकही तोच. सर्वांत अवघड टप्पा सर्वांत शेवटी, दिवस लहान आणि पाणी गार होत चाललेले असताना येणार, हे नकाशावरून आधीच वाचता येण्यासारखे होते.

बेत म्हणजे हिशेब

मोहीम म्हटली की साहस डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग अंकगणिताचा असतो. या प्रवासावर आम्ही काही साधे हिशेब करून पाहिले. ते आठवी-नववीच्या वर्गातही करता येतील.

पहिला हिशेब वेगाचा. ३,६०० किलोमीटर आणि ९८ दिवस धरले, तर रोजची सरासरी ३७ किलोमीटर येते. आता समजा, संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ५ किलोमीटर आहे आणि प्रवाहाचा ताशी ३. प्रवाहाविरुद्ध प्रत्यक्ष वेग २ राहील, प्रवाहाबरोबर ८ होईल. ८० किलोमीटर विरुद्ध जायला ४० तास आणि ८० किलोमीटर प्रवाहाबरोबर जायला १० तास. एकूण १६० किलोमीटरांना ५० तास, म्हणजे सरासरी ताशी ३.२ किलोमीटर. मुले हमखास '२ आणि ८ यांची सरासरी ५' असे उत्तर देतात. येथे ती चूक वहीत राहत नाही. अंधार पडल्यावर नदीच्या मध्यावर सापडण्यात तिचा शेवट होऊ शकतो.

दुसरा हिशेब अन्नाचा. दिवसभर वल्हवणाऱ्या तरुणाला ४,००० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. पीठ, डाळ, साखर असे कोरडे अन्न ग्रॅमला साधारण ४ किलोकॅलरी देते, तर स्निग्ध पदार्थ ९. कोरड्या अन्नावरच भागवायचे, तर माणशी रोज एक किलो. दोघांचे ९८ दिवसांचे अन्न जवळजवळ २०० किलो होईल. एवढे ओझे धबधब्यांच्या बाजूने खांद्यावरून नेणे अशक्य. म्हणजे वाटेतील गावे आणि व्यापारी ठाणी यांच्यामधील अंतरांप्रमाणे शिध्याचे टप्पे पाडणे भाग आहे. स्निग्ध पदार्थ अधिक घेतले की ओझे किती घटते, हाही मुलांना सोडवायला चांगला प्रश्न आहे.

तिसरा हिशेब पैशाचा. १०० डॉलर, दोन माणसे, ९८ दिवस. माणशी रोजचे अर्धा डॉलर. आकडा लहान आहे, पण त्याचे महत्त्व वेगळे आहे. आपल्या खिशातून खर्च करणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्याकडे पैसे मागितले की कुठून, किती दिवसांत, कशासाठी आणि अडचण आली तर काय, याची उत्तरे द्यावी लागतात. मुलांच्या मोहिमांना जेथे अनुदान दिले जाते, तेथे अर्ज लिहिणे हाच शिक्षणाचा पहिला धडा ठरतो. मनातला बेत कागदावर उतरला, की त्यातील भोके दिसू लागतात.

मोठ्यांची सोबत पुरेशी आहे का?

आता त्या दोन घटनांकडे वळू. ११ जून १९७८ रोजी कॅनडातील एका शाळेची २७ मुले आणि ४ मोठी माणसे चार होड्यांतून तिमिस्कामिंग सरोवरावर निघाली. त्यांना जेम्स उपसागरापर्यंत जायचे होते. पहिल्याच दिवशी वाऱ्यात एक होडी उलटली. मदतीला धावलेल्यांवरही तीच पाळी आली. १२ मुले आणि १ शिक्षक मरण पावले. होडी उलटली तर काय करायचे, याचा सराव त्यांनी केलेला नव्हता.

त्या सरोवराचे पाणी जूनमध्येही अतिशय थंड असते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. गार पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात माणसाला आपोआप धाप लागते आणि पाणी नाकातोंडात जाण्याचा धोका असतो. पाणी बर्फाइतके थंड असेल, तर पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतील ताकद जाऊ लागते. शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. म्हणून पहिले मिनिट श्वास सावरण्यासाठी आणि पुढची दहा मिनिटे बाहेर पडण्यासाठी वापरायची, हे आधी शिकवावे लागते. ऐन वेळी ते सुचत नाही.

दुसरी घटना स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावरची, नोव्हेंबर १९७१ मधली. एडिंबरोच्या एका शाळेतील सहा विद्यार्थी आणि दोन तरुण मार्गदर्शक हिमवादळात सापडले. पठारावरच्या एका लहानशा निवाऱ्यापर्यंत आपण पोचू, या भरवशावर ते पुढे गेले होते. निवारा गाठता आला नाही. उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या आणि पाच विद्यार्थी व अठरा वर्षांची सहायक मार्गदर्शक मरण पावली. पुढे त्या उंचीवरचे निवारे काढून टाकण्यात आले. निवारा आहे म्हणूनच लोक धोका पत्करतात, असा त्यामागचा विचार होता.

दोन्ही वेळा सोबत मार्गदर्शक होते. तेव्हा 'मोठे माणूस बरोबर आहे' एवढ्याने सुरक्षितता येत नाही. धोका ओळखता येणे, संकटाचा सराव असणे आणि कोणत्या क्षणी मागे फिरायचे हे आधी ठरलेले असणे, यांनी ती येते. सेव्हराइड आणि पोर्ट यांच्या बाबतीत यशाचा काही वाटा नशिबाचाही होता, हे येथे मान्य केले पाहिजे. दोघे पोचले म्हणून तसे जाणे सुरक्षित होते, असे अनुमान काढणे शास्त्रीय नव्हे. न पोचलेल्यांची पुस्तके निघत नाहीत.

किशोरवयीन मेंदू आणि निर्णय

मग किशोरवयीन मुलांच्या निर्णयशक्तीवर कितपत विसंबता येते? या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे न्यायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. काही जण एकटे खेळले, काहींच्या बरोबर मित्र होते. मित्र पाहत असले की १३ ते १६ वर्षांची मुले अधिक धोका पत्करत. चोवीस वर्षांवरच्यांत हा परिणाम पुष्कळच कमी होता.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतील, त्यात भारतही होता, १० ते ३० वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. विचार करण्याची, माहिती तोलण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या बरोबरीला येते, असे तीत दिसले. आवेग आवरण्याची क्षमता मात्र त्यानंतरही वाढत राहते.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले, की मुलांच्या मोहिमांचे मर्म उलगडते. सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शांतपणे, टेबलापाशी, नकाशा पुढे ठेवून प्रौढाइतका चांगला बेत आखू शकते. तीच व्यक्ती दमलेली, भिजलेली, मित्रांच्या नजरेसमोर असताना तितका चांगला निर्णय घेईलच असे नाही. तेव्हा महत्त्वाचे निर्णय शक्य तितके टेबलापाशी घेऊन ठेवावेत. 'दोन वाजले की जिथे असू तिथून परत', 'पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओढा ओलांडायचा नाही', 'एकाने नाही म्हटले तर सर्वांनी थांबायचे', असे नियम आधी लिहून ठेवले, की ऐन वेळी आवेगाला फारसा वाव राहत नाही. मागे फिरणाऱ्याला भित्रा म्हणण्याची सोयही उरत नाही, कारण मागे फिरणे हाच बेताचा भाग असतो.

व्यवस्था कशी असते?

याच तत्त्वावर चालणारा सर्वांत परिचित उपक्रम म्हणजे ब्रिटनमधील 'ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड'. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने प्रिन्स फिलिप यांनी तो १९५६ साली सुरू केला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट त्याचे पहिले संचालक होते. आरंभी तो फक्त मुलांसाठी होता. १९५८ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. आज तो १३० हून अधिक देश व प्रदेशांत पसरला असून भारतातील काही शाळांतही चालतो.

त्यातील मोहिमेचे नियम पाहण्यासारखे आहेत. गट चार ते सात जणांचा. कांस्य पातळीला दोन दिवस व एक रात्र, रौप्यला तीन दिवस व दोन रात्री, सुवर्णला चार दिवस व तीन रात्री. वाटचाल स्वतःच्या शक्तीने करायची, मोटारीची मदत नाही. मार्ग, शिधा, मुक्काम आणि मोहिमेचा उद्देश गटानेच ठरवायचा. त्याआधी प्रशिक्षण आणि एक सराव-मोहीम सक्तीची. प्रत्यक्ष मोहिमेत मोठी माणसे बरोबर चालत नाहीत. पण पर्यवेक्षक त्याच परिसरात असतो, ठरलेल्या ठिकाणी गटाची वाट पाहतो आणि गरज पडल्यास हस्तक्षेप करतो. परत आल्यावर गटाने आपल्या उद्देशाबद्दल निवेदन करायचे.

मुलांना मोकळीक एकदम न देता पायरीपायरीने दिली जाते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतही आपण विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी तीव्र आम्ल देत नाही, आणि शेवटपर्यंत स्वतःच प्रयोग करून दाखवत बसत नाही. कोणाला ही संधी मिळते, हा प्रश्न मात्र राहतोच. मिनियापोलिस ते हडसन उपसागर हा प्रवास होडीतून पुरा करणारी स्त्रियांची पहिली जोडी निघाली ती २०११ साली, म्हणजे त्या दोन मुलांनंतर एक्याऐंशी वर्षांनी.

वर्गात काय करता येईल?

यासाठी हडसन उपसागराला जाण्याची गरज नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा आपल्या भागाचा नकाशा मिळवा. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. चार-पाच जणांच्या गटाला जवळचा एखादा डोंगर किंवा किल्ला निवडू द्या आणि एका दिवसाच्या सहलीचा बेत कागदावर मागवा.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम वापरता येईल. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असे त्याचे आजचे रूप आहे. समजा, जाताना ९ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ आहे. नियमाने २ तास ४८ मिनिटे होतात. शाळकरी गट आणि पाठीवरचे ओझे लक्षात घेऊन एकतृतीयांश वेळ वाढवला, तर सुमारे पावणेचार तास. परतीला चढ नाही. १ तास ४८ मिनिटांचे त्याच वाढीने सुमारे २ तास २४ मिनिटे. संध्याकाळी पाचपर्यंत गावात परतायचे, तर अडीचच्या सुमारास मागे फिरलेच पाहिजे. जेवणाचा एक तास धरला, तर सकाळी पावणेदहाच्या आत निघायला हवे. ही 'परतीची वेळ' गटाने स्वतः काढावी आणि तिच्याखाली सर्वांनी सही करावी.

त्यानंतर तो बेत दुसऱ्या गटाला तपासायला द्या. पाणी कुठे मिळेल? पायवाट चुकली तर कळणार कशावरून? पावसाळ्यात अचानक फुगणारा ओढा वाटेत आहे का? एकाचा पाय मुरगळला तर सर्वांत जवळचे गाव कोणते? शाळेच्या निधीतून थोडी रक्कम ठेवून ज्या गटाची उत्तरे सर्वांत पक्की असतील त्याला ती द्यावी, असेही आम्ही सुचवू. सहल काढायची वेळ येईल तेव्हा शिक्षकांनी जावेच, पालकांची संमती व शाळेचे नियम पाळावेतच. पण पुढे चालणारा, नकाशा हाती धरणारा आणि घड्याळ पाहून 'आता परत' म्हणणारा विद्यार्थी असावा. शिक्षकांनी सर्वांत मागे चालावे, आणि धोका दिसल्याखेरीज बोलू नये. पहिल्या सहलीत हे जड जाईल. दुसऱ्या सहलीचा बेत मुले कसा बदलतात, ते मात्र जरूर टिपून ठेवावे.